एक उत्तर मागे

सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "आमची सून ड्रायव्हर लिहिते." ऐकणारा विचारायचा, "कुठली गाडी?" वहिनींनी समजावण्याचा नाद केव्हाच सोडला होता. त्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहायच्या. कार्डात संदेश आला की ते कॉम्प्युटरला इशारा देतं. मग हातातलं काम टाकून संदेश उचलायचा आणि इशारा पुसायचा, हे सांगणारा प्रोग्राम.

तो तपासायला त्याच ऑफिसात वरच्या मजल्यावर त्यांची नणंद बसायची. चुका काढण्याचा तिला पगार होता. घरी ते काम ती फुकट करायची.

आदल्या दिवशी वहिनींनी सासूबाईंची मोडकी आरामखुर्ची न विचारता भंगारात दिली होती. सासूबाई तेव्हापासून गप्प होत्या. वहिनींचं कामात लक्ष लागेना. चाचणीच्या निमित्ताने त्यांनी नणंदेला संदेश पाठवला, "चहा झाला का?"

"झाला," उत्तर आलं.

"आई माझ्यावर रागावल्यात का गं?"

"भयंकर."

वहिनींनी घाईने टाईप केलं, "माफी मागून भागेल?"

"छे गं, मुळीच नाही."

"मग नवी खुर्ची आणू? मोठी?"

"हो हो, अगदी."

वहिनी अर्धी रजा टाकून थेट फर्निचरच्या दुकानात गेल्या.

संध्याकाळी दोन हमालांनी खुर्ची आत आणली. ती दारातून मावेना, म्हणून दार काढावं लागलं. सासूबाई बघतच राहिल्या.

"हे काय आणलंस? ती अडगळ गेली म्हणून मी काल कधी नव्हे ते शांत झोपले."

"पण रागावला होतात ना? ही म्हणाली, भयंकर."

"भयंकर चहा होता," नणंद म्हणाली. "रागाचं मी 'छे गं, मुळीच नाही' लिहिलं. आणि खुर्चीचं विचारलंस तेव्हा 'खबरदार' लिहिलं होतं."

ते 'खबरदार' अजून कार्डातच पडून होतं.

वहिनी तिथेच मटकन बसल्या, नव्या खुर्चीत. नणंदेने "झाला" आणि "भयंकर" लागोपाठ पाठवले होते. पहिला उचलून होईस्तोवर दुसरा येऊन थडकला, आणि शेवटी इशारा पुसताना त्याचाही इशारा पुसला गेला. पुढच्या इशाऱ्याला प्रोग्रामने एकच संदेश उचलला, तो आधीचा राहिलेला. तिथून प्रत्येक उत्तर एक घर मागे.

सकाळी त्यांनी क्रम उलटा केला: आधी इशारा पुसायचा, मग कार्ड रिकामं होईपर्यंत संदेश उचलत राहायचे. नणंदेने दिवसभर संदेशांचा भडिमार केला. एकही अडकला नाही.

शेवटी पडद्यावर आलं, "पास. छान लिहिलंयस."

वहिनींनी दोनदा वाचलं, आणि खात्री करायला जिना चढून वर गेल्या.

"हे कशाचं उत्तर आहे?"

"ड्रायव्हरचं," नणंद म्हणाली. "आता जा, नाहीतर एखादी चूक सापडेल."