राग वर्ज्य

"बोळात बसून काम कसं करू मी? ट्यूबखाली दातांचे रंग जुळत नाहीत हे किती वेळा सांगायचं, आणि तुम्ही सगळे—"

"वहिनी, केस!" दिरानं स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं.

झालं. वाक्य तिथंच बसलं. नवरा हसला, सासूबाईंनी "पाणी पी गं" म्हणत भांडं पुढे केलं, आणि खिडकीजवळचं तिचं टेबल घरातल्या अंधाऱ्या बोळात जाणार हे जणू ठरूनच गेलं.

ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे; ती त्यांवर मेणात दात बसवायची, हिरडीला आकार द्यायची. गल्लीत तिला कवळीवालीच म्हणत. या कामाला हात लागतो, पण त्याहून जास्त लागतो उजेड. लोकांना पांढरेशुभ्र दात हवे असतात, आणि ते उरलेल्या दातांशेजारी उसने आणल्यासारखे दिसतात. कुणाला किती पिवळेपणा शोभेल हे तिला खिडकीतल्या उजेडातच कळायचं. ट्यूबखाली सगळे दात एका माळेचे मणी.

केस मात्र तिशीतच पिकायला लागले. आधी कानशिलं, मग भांग. सासूबाईंचे सत्तरीतही निम्मे काळे, त्यामुळे हा त्यांना सुनेचा निष्काळजीपणा वाटायचा. त्याच तिला वैद्यबाईंकडे घेऊन गेल्या. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. पित्त वाढलंय म्हणाल्या. "पिकलेला केस काळा होईल असं मी म्हणणार नाही. पुढचे सावकाश पिकले तर बघू." माक्याचं तेल, आवळ्याचं चूर्ण, नाकात तुपाचे दोन थेंब, आंबट-खारट कमी, जागरण बंद. आणि राग वर्ज्य.

तेलानं उशांचे अभ्रे काळपट झाले. चूर्ण आठवण झाली तर. कवळीची घाई असली की जागरण ठरलेलं. पथ्यातलं शेवटचं तेवढं घरानं मनावर घेतलं. नवऱ्यानं न विचारता पाहुणे बोलावले आणि तिनं आवाज चढवला, की "केस!" दिरानं ओला टॉवेल तिच्या साच्यांवर टाकला, तरी "केस!" सुरुवातीला तीही हसायची. आपली इतकी काळजी कोण करतं?

आता दीर घरून काम करणार होता. कॅमेऱ्यात चेहरा बरा दिसतो म्हणून त्याला ती खिडकी हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती वैद्यबाईंकडे एकटीच गेली.

"चिडचिड?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"चिडायला वाक्य तरी पुरं व्हायला हवं ना, बाई. तुमच्याकडून गेल्यापासून एक भांडण शेवटाला नेलेलं नाही मी." आणि तिनं सगळं सांगितलं. हसत सांगायला गेली, पण आवाज भलतीकडेच गेला.

वैद्यबाईंनी पेन खाली ठेवलं. "पथ्य मी तुम्हाला दिलं होतं. तुमच्या घराला कुणी दिलं?"

वाटेत तिच्या मनात आलं, यात आपलंही साधलंच की. भांडण अर्धवट राहिलं की हरल्यासारखं वाटत नाही. वर समजूतदार म्हणवून घेता येतं.

घरी पोचली तर टेबलाचे खण रिकामे करून झाले होते. मेणाचा डबा बोळात, साचे जमिनीवर. नवरा आणि दीर टेबल दोन्हीकडून धरून उभे.

"खाली ठेवा," ती म्हणाली.

"अगं, पण आपलं काल ठरलं ना—"

"तुमचं ठरलं. माझं बोलणं राहिलं होतं."

"वहिनी, के—"

"पिकू देत, भाऊजी. सगळे पिकू देत. मधे बोलू नका."

टेबल खाली टेकलं. मग ती बोलली. उजेडाबद्दल, ओल्या टॉवेलाबद्दल, न विचारता आलेल्या पाहुण्यांबद्दल, मधे दोन गोष्टी उगाच उकरून काढल्या त्याही. आवाज चढला, फाटला. सासूबाई पाण्याचं भांडं घेऊन दारापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. कुणी हसलं नाही. बोलून संपल्यावर ती खाली बसली आणि एकेक साचा उचलून खणात लावू लागली.

"टेबल इथून हलणार नाही," ती म्हणाली. "भाऊजी बोळात बसतील, नाहीतर ऑफिसात जातील."