पांढरा ब्लाउज

सिंगापूरला, तोआ पायोह भागात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये श्रीलंकेतल्या एक तमिळ बाई लेकीकडे राहतात. साठी उलटलेली, अंगानं बारीक. मी त्यांना अक्का म्हणते. माझा नवरा जहाजावर इंजिनिअर, त्यामुळे घरात बहुतेक मी एकटीच. सकाळचा बाजार आम्ही दोघी बरोबरच करायचो, आणि बोलायचो इंग्रजीत.

एकदा भाजी घेताना मी सांगत होते, ह्यांचं जहाज कुठून निघालं, कधी लागणार, घरी किती राहणार. अक्कांनी मला मध्येच थांबवलं. "तुझा नवरा कधी येतो, कधी जातो, ते मला सांगत जाऊ नकोस."

मला ते लागलं. त्यानंतर मी एकटीच बाजारात जाऊ लागले. एका दुपारी अक्का स्वतःच माझ्या घरी आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

यादवी ऐन भरात होती तेव्हा त्या तिकडे एका गावात शिवणकाम करायच्या. भावाला लष्करानं उचलून नेलं, तो परतला नाही. मग लष्कराशी लढणाऱ्या तमिळ चळवळीतली माणसं आली. बंदूक घ्यायची नव्हती, फक्त दुकानात येणाऱ्या बायका काय बोलतात ते कळवायचं होतं. गावाजवळच्या लष्करी छावणीतल्या एका अधिकाऱ्याची बायको ब्लाउज शिवायला यायची. सिंहली, वयानं अक्कांएवढीच, गावात ओळखीचं कुणी नाही. मापं देताना ती नवऱ्याबद्दल बोलायची. आज उशीर होईल, उद्या पहाटेच निघायचंय, परवा दुसऱ्या रस्त्यानं जाणार आहेत. अक्का टाचण्या लावत ऐकायच्या आणि पुढे पोचवायच्या.

एके दिवशी त्या दुसऱ्या रस्त्यावर सुरुंग फुटला.

"ती माझ्याकडेच आली," अक्का म्हणाल्या. "पांढरा ब्लाउज शिवून हवा होता. त्यांच्यात विधवा पांढरं नेसते. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मी तिचं माप घेतलं."

भावाचा सूड उगवला असं तेव्हा वाटलं का, असं मी विचारलं. तिला संशय आला असता तर सोपं गेलं असतं, असं काहीसं त्या म्हणाल्या.

युद्ध संपल्यावर बऱ्याच वर्षांनी अक्का तिला शोधत तिच्या गावी गेल्या. सगळं सांगून मोकळं व्हायचं, मग ती पोलिसांना बोलावो नाहीतर तोंडावर थुंको, असं ठरवूनच. तिनं दारातच ओळखलं. भात वाढला. त्या वेळी पोटात असलेला मुलगा आता बापाएवढा झाला होता. त्याला हाक मारून ती म्हणाली, "त्या गावात माझं एवढं एकच माणूस होतं." अक्का जेवल्या आणि सांगायचं ते तसंच ठेवून परत आल्या.

तेव्हापासून एप्रिलमध्ये नव्या वर्षाला तिचा फोन यायचा. नवं वर्ष दोघींचं एकाच वेळी येतं. ती आपली गुडघेदुखी सांगायची, नातवंडांचं सांगायची, आणि दर वेळी अक्का ठरवायच्या की आज बोलायचंच.

ह्या एप्रिलला फोन आला तो मुलाचा. आई फेब्रुवारीतच गेली म्हणाला, शेवटी तुमची आठवण काढत होती. अक्कांनी त्याला विचारलं, तू जेवलास का.

"त्याला सांगायला हवं होतं का गं?" त्यांनी मला विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजाराची पिशवी घेऊन त्यांच्या दाराची बेल वाजवली.