मंगलची बाहुली उंबऱ्यावर

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मला ते जमत नाहीये. मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या लेकीला, ईश्वरीला, सांगत होते की तुझ्या मंगलबाई पुण्याला ट्रेनिंगला गेल्यात, येतील. मंगलनं मलाही तेच सांगितलं होतं, पोरीलाही तसंच सांग म्हणाली होती. फोनवर तिचा भाऊ म्हणाला, “ताई, ट्रेनिंग कसलं... दवाखान्यात होती. कुणालाच सांगू दिलं न्हाई.”

मंगल माझी शाळेपासूनची मैत्रीण. वडीगोद्रीला घराच्या मागच्या खोलीत तिनं खेळघर थाटलं होतं. आईबापाची फारकत झालेली पोरं तिथं यायची आणि तोंडानं सांगता येत नाही ते बाहुल्यांकडून वदवायची. ईश्वरीचा बाप ‘दूध घेऊन येतो’ म्हणून निघाला तो अंकुशनगरलाच राहिला. नंतर मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तरी पोर मागोमाग यायची. मंगलनं तिला चिंध्यांची माणसं करून दिली आणि एकच नेम घालून दिला. घराबाहेर निघालेल्या बाहुलीनं दारात थांबायचं, कुठं चालली, परत येणार का, ते तोंडावर सांगायचं, मंग जायचं. बाप-बाहुला दारात थांबून “मी आता तिकडंच राहणार” म्हणाला, त्या दिवशी ईश्वरी ढसाढसा रडली... आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपली. मी मंगलचे हात धरले तर म्हणे, “पोरांना खरं बराबर पचतं गं. आपल्यालाच न्हाई पचत.”

असं म्हणणारी बाई माझ्याच तोंडून माझ्या लेकीशी खोटं बोलून गेली. त्या संध्याकाळी मी ईश्वरीला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “मंग ट्रेनिंग तू मनानं सांगितलं?” आता मी भाजीला निघाले तरी ती ओढणी धरते, खरं सांग म्हणते. मंगल, दुखणं लपवलंस ते एक वेळ मी गिळलं असतं. पण सावरलेलं माझं लेकरू तू पुन्हा होतं तिथं नेऊन ठेवलंस... कसं माफ करू तुला?

परवा तिच्या भावानं बाहुल्या आमच्याकडं पाठवल्या. त्यात मंगलनं आपल्याच जुन्या साडीची केलेली बाई-बाहुली होती. ईश्वरीनं ती उंबऱ्यावर, चौकटीला टेकवून उभी केली आणि समोर मांडी घालून बसली. शेवटी मीच म्हणाले, “बाईच्या बदली मी बोलू का?”

“न्हाई. तिचं तिनं सांगायचं.”

बाहुली अजून तिथंच आहे. आम्ही दोघी तिला ओलांडून जातो-येतो.