केळीतून येणारे फोन

फोन उचलला की पलीकडून आधी कापडाची खसखस ऐकू यायची. 'हॅलो' नाही, नाव नाही, गाव नाही. ती पदरानं फोन पुसत असायची. दुसऱ्याच्या कानाला लावायची वस्तू, स्वच्छ नको? मग आवाज यायचा, "डॉक्टरीणबाई, मी नही बोलत. पेशंट बोलस. ल्या." आणि खरोखरच त्यानंतर ती एक अक्षर बोलायची नाही.

भडगावात माझा बाळंतपणाचा लहानसा दवाखाना होता. मी मूळची धुळ्याची, लग्न होऊन गिरणाकाठी आले. तोंडाची फटकळ. पेशंट घाबरून निम्मं दुखणं दारातच विसरतात, असं आमच्या सिस्टर म्हणायच्या. त्या काळात मला न घाबरणारी एकच बाई मी पाहिली, ती ही. तिचं गाव नदीपलीकडे. सगळा गाव तिला अक्का म्हणायचा, म्हणून मीही म्हणायची.

अक्काच्या मुलाची केळीची बाग होती. नव्वद साल उलटल्यावर त्यानं व्यापाऱ्यांशी भाव बोलायला बिनवायरचा फोन घेतला. खिशातल्या मोबाइलचं नावही तेव्हा आमच्या तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं. या मुलाच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, बांबूला बांधलेली उंच अँटेना होती. घरात मुख्य पेटी आणि हातात विटेएवढा फोन. तो घेऊन माणूस गावभर, पार बागेपर्यंत फिरू शकायचा. मुलाला वाटलं, आता आपण केळीत उभं राहून व्यापाऱ्याला झुलवू. कसलं काय! आईनं तो फोन पळवला तो पळवलाच. व्यापारी बिचारे फोन लावून थकायचे, कारण पलीकडे कुणीतरी मला आपलं पोट कुठे दुखतं ते सांगत असायचं.

आता गावाकडची रीत तुम्हाला सांगायला नको. दुखणं एकाचं आणि सांगणार दुसराच. सुनेचं दुखणं सासू सांगणार, सासूचं मुलगा सांगणार, आणि प्रत्येक जण लाजेनं त्यातलं थोडं थोडं गाळणार. माझ्यापर्यंत पोचेपर्यंत बाईचं सगळं आजारपण 'जरा अशक्तपणा' होऊन यायचं. दवाखान्यात मी सोबतच्यांना बाहेर हाकलू शकायची. फोनवर काय करणार? ते काम अक्कानं आपणहून अंगावर घेतलं. तिचा एकच कायदा होता, "जेले दुखस, तेनीच बोलानं." फोन हातात देऊन ती पाठ फिरवायची आणि आजूबाजूला कान टवकारून बसलेल्यांना हुसकावून लावायची. कुणी फारच लाजरं निघालं तर फोनसकट त्याला केळीच्या बागेत पाठवून द्यायची.

तुम्ही म्हणाल, ही काय डॉक्टरकी? पण हसू नका, केळीत माणूस खरं बोलतो. मागे पानांची सळसळ आणि कुजबुजल्यासारखा आवाज, असे किती फोन मी घेतले असतील! एकदा एक बाप्या बोलायला लागला, तो पाच मिनिटं नुसता घसाच खाकरत होता. "अहो, बोला की," मी ओरडले, "तिथे कोण आहे ऐकायला?" "कोनीच नही बाई," तो म्हणाला, आणि मग त्यानं आपली मूळव्याध मला इत्थंभूत सांगितली. मी बाळंतपणाची डॉक्टर! त्याला दुसऱ्या दवाखान्याची वाट दाखवली आणि अक्काला फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "जेवण व्हयनं का तुमनं? आधी जेवी ल्या, मंग रागे भरा."

मशीनला पल्ल्याची मर्यादा होती. जाड मातीच्या भिंतींच्या घरात शिरलं की आवाज तुटायचा. मग साठीची ही बाई शिडी लावून कुणाच्याही धाब्यावर चढायची. खालून लोक ओरडायचे, "अक्का, पडशी!" ती वरून माझ्याशी बोलायची, "आते येस का आवाज?" मला इकडे खुर्चीत बसून धडकी भरायची.

पण अक्काची खरी ताकद मी ऐकली ती एका दुपारी. ऐकली म्हणते, कारण ते सगळं माझ्या कानावरच घडलं. डोळ्यांनी पाहिलेलं नंतर, जिच्यासाठी ते घडलं त्या सुनेनं सांगितलं.

गावात एक नाना होते. वजनदार माणूस, चार लोकांचे वाद मिटवणारे. नात्यानं अक्काच्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे तिचे जेठ. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यासमोर कधी बोलली नव्हती. ते गल्लीतून आले की पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायची, नाना ऐकायचे. हसण्यावारी नेऊ नका, तिकडे तो मान होता आणि तिनं तो उभ्या आयुष्यात मोडला नव्हता.

त्या दुपारी नानांनी अक्काच्या घरी येऊन मला फोन लावला. "सुनले ऊन लागेल शे, डोकं दुखस. एखादी गोळी सांगा." सून भरल्या दिवसांची होती. मी म्हटलं, तिलाच बोलू द्या. "ती काय सांगी?" म्हणाले आणि फोन ठेवून निघून गेले. भरल्या दिवसांत नुसतं डोकं दुखलं तरी आम्ही दचकतो. मी उलटा फोन लावणार, तोच वाजला. कापडाची खसखस. "मी तेस्ना घर जास," असं काहीतरी अक्का पुटपुटली आणि मला तिची पावलं ऐकू यायला लागली. आतल्या खोलीतून तिनं सगळं ऐकलं होतं.

नानांच्या घरात ती शिरली आणि आवाज तुटला. पुन्हा बाहेर आली, आवाज आला. आत बोलणं अशक्य, त्या पोरीला धाब्यावर चढवणं किंवा केळीपर्यंत चालवणं अशक्य. आवाज स्वच्छ यायचा तो फक्त ओट्यावर. आणि ओट्यावर नाना बसलेले, सोबत गावातली दोन मोठी माणसं. सासऱ्यासमोर ओट्यावर येऊन, अंगावरचं दुखणं सून मोठ्यानं कसं सांगणार? ती उंबऱ्याच्या आत भिंत धरून उभी होती. नानांची बायको म्हणाली, "अक्का, ऱ्हाऊ दे." मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मी फोनमध्ये बोंबलत होते, "तिला द्या! तिला द्या!"

मग अक्काचा आवाज आला. पुटपुटणं नाही, भिंतीशी बोलणं नाही. "नाना, उठा तुम्ही. बाहेर जा. पोरना जीव जाई."

माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो. मग खाट करकरली, वहाणा वाजल्या. नाना उठले होते.

सून फोनवर आली. आधी नुसती रडली. मग म्हणाली, डोळ्यांसमोर काजवे चमकतात, माणसं दोन दोन दिसतात, तोंड सुजलंय, बांगड्या हातात रुतल्यात, छातीखाली कळ येते. ऊन लागल्यावर असं होत नाही, रक्तदाब चढलाय आणि झटका कधीही येईल, हे कळायला मला दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. "डाव्या कुशीवर निजवा आणि असेल ती गाडी घेऊन निघा," मी अक्काला सांगितलं. अक्काच्या मुलाचा टेम्पो केळीचे घड भरून बाजारात निघालेला होता. त्यानं घड भराभर रस्त्यावर उतरवले, खालच्या केळीच्या पानांवर गोधडी टाकली आणि पोरीला नि अक्काला घेऊन आला. मुलाचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. व्यवहार बुडाला म्हणून तो एरवी आईशी भांडायचा, पण त्या दिवशी चकार शब्द काढला नाही.

तिला टेबलावर घेतलं आणि झटका आला. पण इंजेक्शन भरून तयार होतं आणि ती माझ्या हाताखाली होती. घरी खाटेवर आला असता तर ती गेली असती, आणि पोटातलं बाळही. संध्याकाळी मुलगी झाली, खणखणीत आवाजाची. अक्का बाहेर बाकावर बसून होती. मी बाहेर येऊन तिला मिठी मारली. एवढ्या वर्षांच्या डॉक्टरकीत मी पेशंटच्या नातेवाइकाला मिठी मारल्याचं सिस्टरांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर अक्का नानांशी बोलायला लागली असेल. छे! दुसऱ्या दिवसापासून तोच पदर, तीच भिंत. मी विचारलं तर म्हणाली, "कसाले बोलू? काम तं व्हयी गयं." गावात बदललं ते वेगळंच. सुना फोनवर बोलायला लागल्या. 'अक्का, फोन लई ये' असा सांगावा घरोघरून यायला लागला, आणि कुणी तिला हटकलं नाही.

पुढे काही वर्षांनी जळगावात डॉक्टरांची बैठक होती. एका नामांकित डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढून सगळ्यांना दाखवला. म्हणाले, आता पेशंट घरात बसून आपल्याशी बोलेल, वैद्यक पार बदलून जाईल बघा. मी म्हटलं, "आमच्याकडे केळीत बसून बोलतात, कधीपासून." सगळे हसले. मी हसले नाही. मला अक्काचा अभिमान वाटत होता, आणि तो तिथे कुणाला समजावून सांगायचा कंटाळाही आला.

अक्का गेली ती त्यानंतरच्या हिवाळ्यात. दोन दिवसांचा ताप, आणि संपलं. मी गेले तेव्हा तिच्या घराच्या ओट्यावर पुरुषमंडळी बसली होती, मधोमध नाना. फार थकले होते. मला जवळ बोलावलं. मग हळू म्हणाले, "जलममा एकच डाव बोलनी ती मन्हासंगे. बरं व्हयनं, मी आयकं."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भेटायला येणाऱ्या बायका दिसल्या. नानांची सून पुढे होती, लेकीचा हात धरून. नाना काठी टेकत ओट्यावरून उठले, बाकीच्यांनाही त्यांनी उठवलं, आणि सगळे समोरच्या उन्हात जाऊन उभे राहिले.