आत्याबाईंनी पारखलेलं बेट

अंदमानला जायचं ठरलं आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. एक पाण्याखाली जाणाऱ्यांचा, दुसरा काठावर बसणाऱ्यांचा. पहिल्या पक्षात माझी मुलगी आणि जावई. दोघं पुण्यात नोकरीला, आणि दोघांनाही पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं भारी वेड. दुसऱ्या पक्षात माझे यजमान, ज्यांना बादलीपेक्षा मोठं पाणी दिसलं की घाम फुटतो, मी, आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आमच्याकडं तशीच रीत आहे.

राहायची जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वाळूजच्या एका कारखान्यात मी माल रवाना करायच्या खात्यात आहे. दिवसभर फोनवर ट्रान्सपोर्टवाल्यांशी डोकं लावायचं. ‘बस निकल गयी मॅडम’ म्हणणारी गाडी अजून टपरीसमोरच उभी आहे, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. त्यामुळं हॉटेलवाल्यांना मीच सरळ करू शकते असं घरच्यांचं मत पडलं, आणि खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं.

पहिल्या झटक्यात मी हॅवलॉक बेटावरचं एक मोठं रिसॉर्ट ठरवून टाकलं. मुलीला हवं होतं ते बुडी शिकवणाऱ्यांचं दुकान आवारातच. आमच्यासाठी पोहण्याचा तलाव, झोपाळे, टीव्ही, दिवसभर चहा. टेकडीवरच्या खोल्यांतून समुद्र दिसतो म्हणे. रविवारी मुलगी-जावई पुंडलिकनगरला घरी आलेले असताना मी सगळे फोटो टीव्हीवर लावले. माझी मान अशी ताठ होती की बास.

आत्याबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. गुडघे धरल्यापासून खुलताबादजवळचं गाव सोडून त्या आमच्याकडंच असतात. त्यांनी सगळे फोटो बघितले आणि म्हणाल्या, “मी नाय येत.”

यजमानांना वाटलं विमानाची भीती असेल. मुलगी समजावायला लागली की आजी, काही होत नाही, खिडकीत बसवते तुला. आत्याबाईंनी तिला हातानंच थांबवलं.

“तुम्ही पाण्यात जाणार. सामान राखायला कुणीतरी लागतंय, म्हणून मला नेताय. ते काम इथं बी लई केलंय मी.”

मी टीव्ही बंद केला. आधी मला रागच आला, कारण आठवडाभर मी त्या जागेसाठी घसा कोरडा केला होता. पण भाजी फोडणीला टाकताना डोक्यात एकेक गोष्ट यायला लागली. आत्याबाईंच्या गावापासून वेरूळ किती लांब? घरी पाहुणे आले की आम्ही त्यांना लेणी दाखवायला नेतो, आणि दरवेळी आत्याबाई फाटकाबाहेरच्या झाडाखाली बसतात. भोवती पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, लेकरांचे स्वेटर. खुलताबादच्या उरुसात आम्ही पाळण्यात बसायचो आणि त्या आमच्या चपला घेऊन बाजूला उभ्या. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी कैलास लेणं आतून बघितलेलं नाही, आणि हे मला त्या दिवशी कळलं. माझी पर्स तर मी न विचारता त्यांच्या मांडीवर टाकायची. मला स्वतःची अशी लाज वाटली की भाजी खाली लागली तरी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते रिसॉर्ट रद्द केलं. मुलगी फोनवर भडकली. दोन वर्षांनी सुट्टी जुळली आहे, तिथलं दुकान चांगलं आहे, आजीला आपण तलावाजवळ खुर्ची टाकून देऊ, असं बरंच काय काय म्हणाली. मीही तोंड सोडलं. खुर्ची टाकून द्यायला ती काय कुंडी आहे का, असं म्हणून फोन ठेवला. दोन दिवस आम्ही मायलेकी बोललो नाही.

आता आत्याबाईंजोगी जागा शोधायची, पण शोधायची कशी? मी थोडी चिडूनच त्यांना म्हणाले, मग तुम्हीच सांगा जागा कशी बघायची. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की एवढं साधं कसं माहीत नाही हिला.

आत्याबाईंचं माहेर मेंढ्या राखणारं. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांमागं निघायचं, ते पाऊस जवळ आला की परत. रोज नाही तर दोन दिवसांनी नवा मुक्काम. त्या म्हणाल्या, जागा माझा बाप बघायचा आणि माझी माय नापसंत करायची. बाप सांगायचा, तिथं पाणी हाय. माय विचारायची, पाणी चार दिवसांनी बी तिथंच असतंय का हटतंय? वारं कुठून येतंय? पायाखाली काय हाय, माती का गोटे? हाक मारली तर ऐकू जाईल असं घर जवळ हाय का? एवढं जमलं तरी शेवटी एक विचारायचीच: तिथून उठून जायचं झालं तर कुणाची परवानगी लागतीय का? लागत असली तर ती जागा आपली नाय.

मी ते सगळं ऑफिसच्या डायरीत उतरवून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत फोन फिरवायला लागले. एका मॅनेजरला विचारलं, खोलीचं दार उघडल्यावर पहिली दहा पावलं कशावर पडतात? तो म्हणाला, मॅडम, आमच्याकडं आल्याबरोबर नारळपाणी फुकट आहे. दुसऱ्यानं कबूल केलं की दारापासून खाली चाळीस पायऱ्या आहेत आणि वयस्करांसाठी गाडी बोलवावी लागते. म्हणजे झालीच की परवानगी. तिसऱ्याच्या आवारातून विचारल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. माझी सगळी डायरी काट मारलेल्या नावांनी भरली.

मग नील नावाच्या छोट्या बेटावरची एक जागा सापडली. हॅवलॉक आणि नील, दोन्ही बेटांना आता नवी नावं आहेत, पण फोनवर सगळे जुनीच घेत होते. आम्ही संभाजीनगरवाले, आम्हाला त्याचं काय नवल? तर तिथला माणूस सांगत होता की समुद्र अगदी दारात. मी विचारलं, दारातच राहतो का हटतो? तो हळूच म्हणाला की ओहोटीला पाणी पार लांब जातं, खाली नुसते खडक आणि डबकी उघडी पडतात, पण काही तासांत... मी पुढचं ऐकलंच नाही. फोन ठेवला आणि काट मारली.

घरी आल्यावर आत्याबाईंना दिवसाचा हिशोब दिला. त्या नेमक्या त्याच काटेवर थांबल्या.

“हे का खोडलं?”

“तिथं पाणी निघून जातं, आत्याबाई. नुसते दगड राहतात.”

“तळ्याचं पाणी हटलं की खालच्या गाळातच तर सगळ्यात चांगला चारा येतो. समुद्राच्या खाली काय असतंय, ते बघायलाच ही पोरं टाक्या बांधून जातात ना? मग पाणी आपणहून उठून जातंय तर चांगलंच हाय की. मी चालत जाईन.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. माझ्या लेकीनं परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊन जे गाठलं होतं, ते ही बाई मेथीच्या जुडीसमोर बसून उलट्या बाजूनं गाठत होती.

त्याच वेळी परत फोन लावला. आता माझा आवाजच वेगळा होता. खोली जमिनीलगत आहे? आहे. पायऱ्या? एकही नाही. पायाखाली? वाळू, पुढं सपाट वाट. शेजारी घर? एक बंगाली कुटुंब, त्यांचीच खानावळ, भाजीचा मळा, चार शेळ्या. फाटक? फाटकच नाही. बुडी मारायला नेणारे? पन्नास पावलांवर, आणि टाक्याबिक्या सगळं सामान त्यांच्याकडंच राहतं. मी मुलीला निरोप धाडला. तिनं नाक मुरडत त्या लोकांशी बोलून घेतलं, दोन दिवस आणखी रुसून दाखवलं आणि मग एकच ओळ पाठवली की इथं पाणी जास्त स्वच्छ आहे म्हणे. माझा जीव भांड्यात पडला.

आम्ही पोचलो. जागा खरोखर सांगितली होती तशीच होती. विमानात आणि बोटीत यजमानांनी जीव मुठीत धरला होता, ती मूठही सैल झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं.

झालं असं की मुलगी-जावई निघाले. जाताना मुलीनं चष्मा, मोबाईल, टॉवेल आजीच्या मांडीवर ठेवला. जावयानं पाकीट ठेवलं. यजमान गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढून घेणार होते, त्यांनी घड्याळ आणि चपला दिल्या. कुणी मुद्दाम केलं नाही, हातच तसे वळले. आत्याबाईंनी झाडाखाली ते सगळं मांडलं, पदर सारखा केला आणि बसल्या, वेरूळच्या फाटकाबाहेर बसतात तशाच.

माझं डोकंच फिरलं. काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी यजमानांना झापलं. एवढ्या लांब आईला आणून परत तिला पहाऱ्यावर बसवलंत, लाज नाही वाटत? मग मुलीला आणि जावयालाही बोटीपाशी जाऊन सुनावलं. जावयाला मी पहिल्यांदाच बोलले. सगळं गोळा केलं, खोलीत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि आत्याबाईंना म्हणाले, आता जा.

“कुठं जाऊ?” त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. कारण त्या खरंच विचारत होत्या. त्या दिवशी त्या झाडाखालीच बसून राहिल्या, हात रिकामे, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. मी शेजारी बसले. पाणी हटत हटत लांब गेलं, खालचे खडक वर आले. त्या नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, हरलो आपण. जागा बदलून काय होतं, माणसाला सत्तर वर्षांची सवय असली की?

तिसऱ्या दिवशी मुलगी-जावई सकाळीच बोटीनं गेले. यजमान आणि मी चहा घेऊन येतो तर झाडाखाली कुणी नाही. खोलीत नाही. खानावळीत विचारलं तर तिथली म्हातारी बंगालीण पण नव्हती. तिची सून म्हणाली, दोघी मिळून गेल्या, शेळीच्या खुराला काहीतरी झालं होतं ते तुमच्या आजीनं ओळखलं, पाला बांधला, आणि मग सासूबाई त्यांना पाण्याकडं घेऊन गेल्या. बोलल्या कुठल्या भाषेत? तर हिंदीत. आत्याबाईंची हिंदी खुलताबादच्या आठवडी बाजारात शिकलेली, सगळी ‘हौ’ आणि ‘नक्को’वर चालणारी. ती इथं चालली. यजमान घाबरून शोधायला निघाले होते, मी त्यांना दंड धरून खाली बसवलं.

लांब, जिथं पहाटे समुद्र होता तिथं, दोन ठिपके वाकून वाकून काहीतरी बघत होते. एकीनं लुगडं वर खोचलं होतं. मी उभी राहिले आणि ओळखलं.

एक वाजला. मुलगी-जावई परत आले, दोघांना कडकडून भूक लागलेली. ताटं मांडली गेली. यजमानांनी भाताला हात घातला तर मी डोळे वटारले. आत्याबाई येईपर्यंत कुणी जेवायचं नाही. दीड वाजला. मुलगी म्हणाली, आई, भूक लागलीय गं. मी म्हटलं, लागू दे. दोन वाजता माझ्या नवऱ्यानं तोंड बारीक करून विचारलं की आणखी किती वेळ. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरानं या बाईची वाट बघायची ही पहिली वेळ आहे, आणि मला असा आनंद झाला की माझी भूकच मेली.

अडीचला त्या आल्या. पाय चिखलानं भरलेले, पोटरीला खरचटलेलं, पदर ओला. माफी नाही, काही नाही. बसल्या आणि बोलायलाच लागल्या. एका डबक्यात निळे मासे, बोटाएवढे. एक खेकडा दुसऱ्याच्या शंखात घर करून राहतोय. आणि एक काळं, दोडक्यासारखं लांब, पण जित्तं, हात लावला की आक्रसतंय.

मुलगी जेवता जेवता थांबली. ते समुद्रकाकडी असणार, आज तिलाही तेच दिसलं होतं, चांगलं पन्नास फूट खाली गेल्यावर. तिनं तसं सांगितलं.

“मला घोट्याएवढ्या पाण्यात दिसलं,” आत्याबाई म्हणाल्या.

जावई एवढा हसला की त्याला ठसका लागला. पुढचा तासभर त्या दोघांना तोंड उघडायला जागाच मिळाली नाही. आत्याबाईंनी दोनदा भात घेतला, बोटं चाटून पुसली आणि आपल्या मुलाकडं वळल्या.

“उद्या जेवायला माझ्यासाठी थांबू नका. त्या पल्याडच्या खडकापत्तुर जायचंय, मला उशीर व्हईल.”