विरजणाचा शेजार

धरणाच्या ऑफिसातला तो नकाशेवाला आमच्याकडे आला की खुर्ची सोडून पडवीच्या पायरीवर बसे. चहा बशीत ओतून निवत ठेवी आणि घरोघरी एकच विचारी, "काकी, विरजण संपला तर खंय जातास?"

"शेजारच्या वयनीकडे, आनी खंय?" आई वैतागे. घर पाण्याखाली जाणार, नव्या गावठाणात चिठ्ठ्या टाकून प्लॉट मिळणार, शेजार फुटणार आणि ह्याला विरजणाची पडलीय!

"बरा मगे," म्हणत तो छत्री उचलून पुढच्या घरी जाई.

चिठ्ठ्या निघाल्याच नाहीत. प्लॉट त्याच्या नकाशाप्रमाणे मिळाले. नव्या घरात आई दिवसभर गाठोडी न सोडता बसून राहिली. संध्याकाळी सवयीने तिने हाक मारली, "वयनी गो, विरजण आसा?"

"आसा गो!" शेजारूनच उत्तर आलं.

मग आईने पहिलं गाठोडं सोडलं.