दोराचं दुसरं टोक

वाशीमला आमच्या कॉलनीजवळचं जुनं क्रीडा केंद्र आणि पोहण्याचा तलाव दुरुस्तीला काढला, तेव्हापासून शेजारच्या मावशी माझ्यासोबत फिरायला तिकडंच येत. कोरड्या तलावाच्या काठाशीही चप्पल काढत. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला रोज एकच विचारत, "बायांले अलग टाइम ठेवून राह्यले का नाही?" साहेबांना विचारा, असं तो म्हणाला, तर साहेबांनाही विचारून आल्या.

पोहण्याबद्दल त्या अगदी अधिकारानं बोलत. माहेरी, किन्हीराजा गावच्या विहिरीत त्यांचे भाऊ पाठीला डबा बांधून शिकले, तेव्हा वरून दोर मावशींनीच धरला होता. त्यामुळं मावशींना पोहता येतं, असंच मी धरून चालले होते.

परवा बायकांचा पहिला तास होता. मावशी नातीचा पंजाबी ड्रेस घालून आल्या. हातात तेलाचा रिकामा डबा आणि दोर. शिकवणारी मुलगी हसून म्हणाली, "मावशी, याची गरज नाही." त्यांनी डबा ठेवला, दोर ठेवला नाही. कमरेला पक्की गाठ मारून दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"मले कोणी उतरूच देलं नाही कधी," त्या म्हणाल्या. "आता तू धर. मी भेली तरी ओढू नोको."